झाकणं लावा

हॅलो?… हो, मीच… बोल ना पल्लवी.

निघालेय गं केव्हाची. द्वारका चौकात आहे… अजून नाशकातच, हो. ट्रॅफिक नाही. गाडी कडेला घेतलीय. नुसती बसलेय.

बिघडली नाहीये. तो पंक्चरवालापण दोनदा विचारून गेला, काय झालं म्हणून. काही नाही म्हटलं.

हं… काय म्हणाला मुंबईचा व्यापारी?… सगळी खोकी परत?… सगळीच?… हं.

ऐकतेय मी. "द्राक्षं शिळी दिसतात." बरोबर आहे त्याचं… शिळी कशी असतील, कालचीच तोड आहे. पण मण्यांवरची पांढरी पावडर गेली ना, की तशीच दिसतात. चकचकीत. दहा जणांनी हाताळल्यासारखी.

कोणी म्हणून काय विचारतेस? मीच. काल तुम्ही सगळ्या जेवायला बसलात तेव्हा. भरलेलं एक खोकं उघडलं. त्यात एक घड जरा पिवळट होता, तो बदलला. मग शेजारचा लहान वाटायला लागला. मग त्याच्या मापाचा शोधायला दुसरं खोकं उघडलं… हो. मग तिसरं… हो गं, सगळी.

अगं ऐक ना… माहीत कसं नसेल? मेणाचा थर असतो तो, बोट लागलं की पुसला जातो. एमएस्सीला माझा सेमिनारच होता त्यावर. "देठाला धरा, मण्याला हात नको" म्हणून रोज बायकांवर ओरडतं कोण?

हसतेयस की रडतेयस?… बरं.

मला? मला काहीच वाटत नाहीये… खरंच. काल धोंडीराममामांच्या बागेतला मणी खाल्ला, साखर मोजायला गेले होते ना. मीटरवर अठरा आलं. म्हणजे गोडच असणार. तोंडाला काही कळलं नाही… सर्दी नाहीये गं.

काय?… धोंडीराममामांनी दुसरा माल दिला? आज सकाळी?… आणि तो व्यापारी त्यासाठी थांबलाय?… मग भरा की पटकन.

भरून झालाय? मग कशाला थांबलात?… माझ्यासाठी?

हो… हो, नियम माझाच. मी बघितल्याशिवाय झाकण लावायचं नाही… अगं पण पत्र्याखाली तापतील ती! देठ सुकले की परत तेच. कूलिंगला टाका ना… झाकणाशिवाय कसं टाकणार, हो. कळलं.

येते मी. येते… नाही पल्लवी. किल्ली फिरवायचीय फक्त, एवढं कळतंय मला. हातच उचलला जात नाहीये… दुखत नाहीये काही. आणि आले ना, तर परत उघडीन. तुला माहितेय.

तूच सांग बायकांना… ऐकत नाहीत? काय म्हणतात भागीबाई?… "मागल्या वेळी ताईंनी समदी टेप फाडायला लावली." हं. लावली होती.

स्पीकरवर टाक मला… टाकलंस?

भागीबाई, योगिनी बोलतेय. झाकणं लावा… हो, सगळी… न बघता… नाही हो, परीक्षा नाही घेत तुमची… रागावलेपण नाही. आवाजच असा आहे आज… पिवळा घड असला तर असू द्या… लहान असला तरी जाऊ द्या… आता शपथ कशाला?… बरं, आईशप्पथ.

पल्लवी?… हं, येतोय टेपचा आवाज. कोण हसतंय?… काय म्हणाली सरुबाई?… "आज उजेडी घरी जाऊ." हं. जाऊ दे त्यांना लवकर.

नाही, वाईट नाही वाटलं… तेवढं तरी वाटायला हवं होतं ना गं?

फोटो नको पाठवू… नको म्हटलं ना. कूलिंग झालं की तूच सोड टेम्पो. त्याने परत नापास केला तर… तर तुला सांगेल. तू मला नको सांगू आज.

उद्याचं माहीत नाही… खरंच माहीत नाही, पल्लवी. उद्या म्हटलं की डोक्यात पुढे काही येतच नाही.

कोण, तुझा अमोलदादा? त्याला कशाला त्रास?… बरं, पाठव. त्याला सांग, पुलाच्या अलीकडे, टायरच्या दुकानासमोर. येऊन चालव म्हणावं. मी बाजूला बसेन.

ए, ठेवू नकोस… बोलायचं नाहीये काही. फोन तसाच टेबलावर ठेव. तुमचं चालू दे… तू जा ना, लाव तूपण झाकणं. मी ऐकतेय…

हं…

हं…

पल्लवी, टेप थांबली का?… झालं सगळं, की फोनच कट…