डिझेलसाठी चिरनेर

समृद्धीने नवऱ्याला माफ केलं. पण ते विसरा. आम्ही अजून पनवेलच्या पंपावर रांगेत आहोत आणि ती दोघं माझ्यापुढे.

"प्रणित, तळोज्याला कंपनीत जाऊन-येऊन तीस किलोमीटर. मीटरवर रोज ऐंशी कसे?"

"ट्रॅफिक असतं गं."

"ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असते. कुठे जातोस?"

"चिरनेरला."

"कोण राहते तिथे?"

"कुणी नाही. यू-टर्न मारतो. शोरूमवाला म्हणालेला, रोज ऐंशी चालवली तरच पेट्रोलपेक्षा डिझेल गाडी परवडते."

"आणि आता डिझेल महागलं, तर?"

"आता थेट उरणपर्यंत जावं लागणार."

"खोटारडा!"

"मग कंपनीला दिलेला हा अर्ज वाच. 'सविनय विनंती, की आपला तळोजा येथील कारखाना किमान पंचवीस किलोमीटर लांब हलवण्यात यावा.'"