मेलेला शिपाईही मारतो

...नाही, पण मी म्हणतो, मेलेला माणूस मारतोच कसा? सांगा ना! अहो, इतकी वर्षं मी लोकांना गाडी शिकवतोय, ती शिकाऊ गाडी, माझ्या बाजूलाही ब्रेक असतो ना, ती! चौकात आधी कोण, मग कोण, हे मला झोपेतून उठवून विचारा. आणि त्या लढाईच्या खेळातल्या बोटाएवढ्या शिपायांनी मला घाम फोडला! एवढंसं टेबल, त्यावर पुठ्ठ्याच्या टेकड्या, आणि नियम? ते पुस्तक उशाला घेतलं तर मान लचकेल!

तुम्ही म्हणाल, सांगितलं होतं कुणी? लेकीनं! जी महिनाभर माझ्याशी धड बोलत नव्हती. का? तर म्हणे, "बाबा, तुम्ही माझं वाक्य पुरं होऊच देत नाही." मी म्हटलं, असं कधी झा... "हे बघा, आत्तासुद्धा!" आणि दार बंद. तिला काहीतरी सांगायचं होतं, एवढं कळत होतं. विचारलं की, "राहू दे." बायको म्हणते, "तिच्याच तोंडून ऐका. पण ऐका!"

मग एक दिवस स्वतःहून आली. त्या खेळाची जोड्यांची स्पर्धा, तिच्या जोडीदाराचा पाय मोडलेला. "बाबा, खेळाल माझ्याबरोबर?" खेळाल काय! म्हटलं, डोकं फुटलं तरी चालेल, शिकणार म्हणजे शिकणार! दात घासताना घोकंपट्टी, गाडीत घोकंपट्टी: आधी चाल, मग नेम, मग हाणामारी, मग धीर! म्हणजे शिपाई आधी पुढे सरकवायचे, मग लांबून गोळ्या, मग भिडायचं, आणि शेवटी ज्याचे गडी पडले त्यानं फासा टाकून बघायचं, उरलेले टिकतात की पळतात. चौकात शिकाऊ बाई विचारतायत, "सर, आता काय करू?" मी म्हटलं, "हाणामारी!" बाईंनी गाडीच बंद केली.

स्पर्धेत समोर कोण? दातांचे डॉक्टर आणि त्यांचे मेहुणे. डॉक्टर इतके गोड, इतके गोड... मी शिपायाला हात लावला की, "काका, जरा थांबा हं, अजून आमची खेळी चाललीय." पुन्हा लावला. "काका, दुखणार नाही, पण थांबा." मी मनात, आधी चाल, मग नेम, मग हाणामारी, मग धीर... आणि हाताची घडी! आयुष्यात एवढा वेळ मी गप्प बसलो नव्हतो.

मग लागली हाणामारी. डॉक्टरांनी फासे टाकले, माझे पाच गडी गार! मी आपला टापटिपीचा माणूस, पटापट उचलले, डब्यात घातले, झाकण लावलं. लेक किंचाळली, "बाबा, मेलेल्यांना कुठे नेताय? त्यांना अजून मारायचंय!" अगं, मेलेत ते! तर नाही. हाणामारीत दोघांचे वार एकाच वेळचे धरतात म्हणे. समोरच्याचे फासे झाले की आपले, आणि मगच मुडदे उचलायचे. म्हणजे बघा, इथे मेलेल्याचंसुद्धा म्हणणं पुरतं ऐकून घेतात! पंचांनी कपाळाला हात लावला, डबा उघडवला, माझे हुतात्मे परत टेबलावर. आणि काय सांगू, त्या मेलेल्या पाचांनी डॉक्टरांचा सेनापती लोळवला! डॉक्टरांनी धीराचा फासा टाकला आणि अख्खं सैन्य पळत सुटलं! जिंकलो! लेकीनं सगळ्यांदेखत मिठी मारली. डोळे भरून आले माझे, खोटं कशाला बोलू?

येताना माझीच शिकाऊ गाडी ती चालवत होती, मी शेजारी. म्हणाली, "बाबा, आता माझी खेळी. मी संपलं म्हणेपर्यंत बोलायचं नाही. मला लांबच्या शहरात नोकरी लागलीय. पुढच्या आठवड्यात जातेय. एकटी."

मी तोंड उघडलं... आणि मिटलं. अहो, जिभेवर काय काय आलं होतं! राहणार कुठे, खाणार काय, विचारलंस कुणाला! पायसुद्धा माझ्या बाजूच्या ब्रेकवर गेला होता... उचलला. तिनं सगळं सांगितलं, पोटातलं सगळं, आणि म्हणाली, "संपलं. आता तुमची खेळी, बाबा."

आणि तुम्हाला सांगतो, माझी खेळी आली, तर जिभेवरचं ते सगळं बाजूला ठेवलं! म्हटलं, "बाळा, सामान बरंच असेल ना? मी सोडतो गाडीनं."

सोडून आलो. आधी चाल, मग नेम, मग हाणामारी... सगळं उरकलं. आता रोज सकाळी तिच्या रिकाम्या खोलीसमोर उभा राहतो आणि धीराचा फासा टाकतो. काय करणार? नियमच आहे, ज्याचा गडी गेला, त्यानंच टाकायचा.