हॉलिसचं होल्स्टर

डेलबर्ट : म्हणजे भर लिलावात पडलं?

व्हर्ना : भर लिलावात. मी कालवडीचे खूर बघायला वाकले, नि कमरेच्या होल्स्टरमधून रिव्हॉल्व्हर सटकन निसटून फरशीवर. बोली पुकारणारा मेला एरवी श्वास घ्यायला थांबत नाही, तो थांबला.

डेलबर्ट : उडालं नाही हे नशीब समज.

व्हर्ना : समजले. पण जोलीनच्या कानावर गेलंय ना! "आई, पुन्हा असलं काही झालं तर गुरं विकायची आणि माझ्याकडे डेन्व्हरला यायचं." पोटची पोर, पण बोलते अशी की जणू मीच तिची मुलगी.

डेलबर्ट : मग रिव्हॉल्व्हर घरी ठेवत जा.

व्हर्ना : आणि वर कुरणात काय, झाडू घेऊन जाऊ? परवा डोंगरातल्या प्यूमाने वासरू नेलं. तू खोगिरं शिवत बसतोस गावात, तुझं काय जातं बोलायला.

डेलबर्ट : बरं बाई. आण इकडे ते होल्स्टर. अगं, हे तर हॉलिसचं!

व्हर्ना : मग कुणाचं असणार?

डेलबर्ट : तुमच्या लग्नाच्या वर्षी मीच शिवलेलं. ओलं चामडं त्याच्या त्या धिप्पाड रिव्हॉल्व्हरवर चढवून, दाबून दाबून बसवलं होतं. आणि यात तू तुझं ते चिमुकलं घालून हिंडतेस? बापाचे बूट घालून पोर चालावं तसली गत.

व्हर्ना : त्याचं रिव्हॉल्व्हर मला पेलत नाही. होल्स्टर तेवढं पेलतं.

डेलबर्ट : वरची पट्टी कुठाय?

व्हर्ना : कापली त्याने. हातमोजे घातले की बटण निघत नाही म्हणे.

डेलबर्ट : मी दर वेळी नवी लावून द्यायचो!

व्हर्ना : तो दर वेळी कापायचा. नि तुला सांगायचा, घोड्याने खाल्ली.

डेलबर्ट : आणि मी त्या बिचाऱ्या घोड्याला चाटायला मिठाचा खडा पाठवून दिला होता, अंगात मीठ कमी पडून चामडं खातो म्हणून!

व्हर्ना : माहितेय. आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

डेलबर्ट : लबाड होता हॉलिस. फार आठवण येते गं त्याची. हे राहू दे इथे. तुला नवं देतो.

व्हर्ना : नको. यालाच काहीतरी कर. पट्टी लाव, आत अस्तर घाल.

डेलबर्ट : चामडं सैल पडलंय, व्हर्ना. किती ठिगळं लावली तरी धरणार नाही.

व्हर्ना : वास घे त्याचा.

डेलबर्ट : काय?

व्हर्ना : घे तर. गवत, तंबाखू, घोड्याचा घाम. तो गेला त्या आठवड्यात जोलीनने त्याचे सगळे शर्ट धुऊन, घड्या घालून ठेवले. चांगल्या मनाने केलं तिने, काय बोलणार? आता त्याचा वास उरलाय तो फक्त यात.

डेलबर्ट : म्हणून तर कमरेला लावू नकोस. पावसात भिजेल, तुझा घाम लागेल, वर्षभरात तुझाच वास येईल त्याला. ते घरात ठेव. कमरेला हवं ते फक्त धरून ठेवणारं.

व्हर्ना : तू ना, डेलबर्ट, खरं बोलतोस तेव्हा फार वाईट बोलतोस.

डेलबर्ट : हे नमुन्याचं होल्स्टर लावून बघ. चाप सगळा झाकलेला. पट्टी अंगठ्याने दाबली तरच सुटते. उघडं बाळगायचं म्हणजे चारचौघांच्या नजरेत असतं. मागून कुणी हात घातला तरी निघता कामा नये. रिव्हॉल्व्हर रिकामं केलंस? दाखव. हं. आता वाक. अजून वाक.

(व्हर्ना जमिनीला हात टेकेपर्यंत वाकते. रिव्हॉल्व्हर जागचं हलत नाही.)

डेलबर्ट : आता उडी मार.

व्हर्ना : या वयात?

डेलबर्ट : हॉलिसलाही मारायला लावली होती. तो दुकानभर नाचला. म्हणाला, लग्नाच्या नाचाची तालीम होऊन जाईल.

व्हर्ना : तरी लग्नात माझा पाय तुडवलाच की! घे, मारली उडी. बसलंय घट्ट.

डेलबर्ट : छान. मग असंच तुझं शिवायला उजव्या कमरेचं माप घेतो.

व्हर्ना : डाव्या.

डेलबर्ट : अगं, तुझा हात उजवा. डावीकडचं काढायला हात पोटावरून न्यावा लागेल.

व्हर्ना : ट्रकमध्ये बसलं की उजवीकडचं टोचतं.

डेलबर्ट : ट्रकमध्ये तू बसतेस किती? दिवसभर तर पायी कुंपणं बघत फिरतेस. खरं काय ते सांग.

व्हर्ना : हसशील.

डेलबर्ट : हसलो तर हसलो.

व्हर्ना : हॉलिसचं रिव्हॉल्व्हर उजवीकडे असायचं. म्हणून मी जन्मभर त्याच्या डावीकडून चालले. कुंपणाला, बाजारात, चर्चमध्ये. म्हणजे तो माझ्या उजवीकडे, ती बाजू त्याचीच. अजूनही कुंपणाकडे निघाले की तारेपासून एक माणूसभर जागा सोडून चालते. मुद्दाम नाही करत. पायच तसे पडतात.

डेलबर्ट : नाही हसत मी.

व्हर्ना : आणि जोलीन म्हणते, डेन्व्हरला ये. तिथल्या फुटपाथवर एवढी जागा कोण सोडणार मला?

डेलबर्ट : हात वर कर, व्हर्ना. डावीकडचं माप घेतो.