अक्षरांपुरती जागा

(घराच्या मागच्या खोलीत टेबलावर एक उघडं ग्राफिक्स कार्ड, त्याला जोडलेला पडदा. दोघे भाऊ आणि थोरल्याची बायको. थोरल्याला दिसत नाही.)

वहिनी — अहो, हात मागे घ्या. चालू आहे ते.

दादा — चालू आहे म्हणूनच लावतोय. आलं का पडद्यावर काही?

धाकटा — आलं, दादा! तुझी अक्षरं. बोटाएवढी, ठसठशीत.

दादा — संगणक पुरता जागा व्हायच्या आधीच?

धाकटा — बटण दाबल्याबरोबर.

दादा — तू सांग गं. दिसतायत?

वहिनी — दिसतायत की.

दादा — मग चिप का तापलीय?

धाकटा — खोली कोंदट आहे ना.

दादा — अक्षरं मोठी करणारा माझा भाग चालायचा, तेव्हा ही मांजराच्या पोटासारखी कोमट असायची. पंखा लागू नये म्हणून मी वेगावर पाणी सोडलं होतं. आता बोट ठरत नाही. काय घातलंस आत?

धाकटा — त्रिकोण रंगवणारा भाग. खेळांतली घरं, गाड्या, माणसं, सगळी त्रिकोणांचीच असतात.

दादा — आणि माझा?

धाकटा — चिपमध्ये जागा केवढी, तुला माहितेय. एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील?

दादा — काढलास.

धाकटा — काढला. उद्या कार्ड कारखान्यात जातंय. सगळं डिझाइन जगाला खुलं करून दिलं, तरी लोक पहिलं काय विचारतात? खेळ चालतात का. अक्षरं मोठी होतात का, असं विचारणारा एकच भेटला, आणि त्याला आता मोठीही दिसत नाहीत.

वहिनी — भाऊजी!

धाकटा — खोटं बोललो का, वहिनी?

दादा — बोलू दे त्याला. आई संगणक लावायची आणि कुणीतरी घरी येईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहायची. 'काय लिहिलंय, बघ रे.' शेवटी तेही विचारेनाशी झाली. तिचे डोळे माझ्याकडे आले, म्हणून मी...

धाकटा — आई गेली, दादा. तिच्यासाठी कार्ड काढून विकायचं कुणाला?

दादा — तुला माहीत होतं, गं?

वहिनी — मीच म्हटलं, काढा.

दादा — तू?

वहिनी — तुमची नजर गेली तेव्हा मी डॉक्टरांपुढे रडले. तुम्ही मात्र मोठं केलं की अक्षराची कड फाटते म्हणून रडत होतात. सवत परवडली असती मला. ती निदान रात्री झोपली तरी असती.

दादा — आणि मघाशी म्हणालीस, दिसतायत की.

वहिनी — तुम्हाला समाधान, आम्हाला सुटका. तुम्ही कुठे बघायला येणार होतात?

दादा — बरोबर आहे. नाहीच येणार. पण माझा भागही खुला आहे. उचलेल कुणीतरी.

धाकटा — कधीचा टाकून ठेवलाय इंटरनेटवर, सगळ्यांसमोर. एकानेही उतरवून घेतलेला नाही.

दादा — एकानेही?

धाकटा — तुझ्या गळ्याची शपथ.

दादा — बरं. मग आता पडद्यावर खरं काय आलंय, तेवढं वाच.

धाकटा — काय करायचंय तुला?

दादा — माझ्या जागेवर काय बसलंय, कळू दे. वाच.

धाकटा — 'कार्ड सापडले. स्मृती ठीक. पंखा... पंखा जोड...' थांब. 'पंखा जोडलेला आहे.'

वहिनी — 'नाही' आहे ते, भाऊजी. 'जोडलेला नाही.'

धाकटा — तेच म्हणतोय मी.

दादा — तुझा आवाज काचेवर आपटून येतोय. नाक टेकवलंस की काय पडद्याला?

धाकटा — अक्षर बारीक आहे.

दादा — मान जरा वळवून कडेने बघ. बरं दिसेल.

धाकटा — हो... दिसतं.

वहिनी — अहो, हे काय चाललंय? भाऊजी?

धाकटा — काही नाही, वहिनी. पडदा मळलाय. फडकं द्या जरा.

वहिनी — सकाळीच तर पुसलाय मी.

दादा — दे त्याला फडकं. मीसुद्धा वर्षभर पडदाच पुसत होतो.