अंग झाडलं तर

पालमच्या जनावरांच्या दवाखान्यात रामहरी शेळी धरून नंबरची वाट बघत होता. पुढं मेंढरं राखणारा म्हातारा बिरू, त्याची कॉलेजातली नात दिपाली आणि त्यांचा लंगडा मेंढा. रामहरीनं कान तिकडंच लावला.

"आबा, बरा करून जत्रेत कापणारच ना ह्याला?"

"आधी अंगावर पाणी घालताव. अंग झाडलं तरच देवाला कबूल."

"पाणी पडलं की कातडी थरथरतीच. नसांचं काम हाय ते. मेंढ्याची मर्जी कुठं आली?"

"मर्जी त्याची न्हाईच. हलवणारा देव."

"पुस्तकात नसा, तुमच्यात देव. मेंढ्याला इचारतंय कोण?"

"इचारताव की. न्हाई झाडलं तर थांबताव. मागल्या साली दिवस कलला, पर सुरी लावली न्हाई."

"आन परवा पाव्हण्यापुढं माझी मान हलली, ती?"

"ती तुझ्या मर्जीनं."

"मामीनं मागून ढोसलं म्हणून हलली. लगेच लग्नाची तारीख काढली तुमी. मेंढ्यासाठी दिवसभर थांबताव, आबा. माझ्यासाठी किती थांबलाव?"

बिरू मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. आतून त्यांचा नंबर पुकारला.

"तुमी व्हा म्होरं," तो रामहरीला म्हणाला. "मेंढा थांबंल. दिपे, पाव्हण्यायला फोन लाव. तेबी थांबतील."