शनीला जोडकार्ड

संध्या: परत एकदा सांग बाबा. सही कुणाला पाठवायची?

शार्दूल: शनीला, काकू.

संध्या: शनीला. बरं. लोक त्याची नजर पडू नये म्हणून शनिवारी तेल वाहतात, मारुतीला साकडं घालतात. आणि आमच्या घरचे आपण होऊन त्याला नावगाव कळवतायत. साडेसाती घरपोच मागवल्यासारखी.

पद्माकर: अगं, ग्रह आहे तो. वायूचा गोळा. भोवती कडी आहेत त्याच्या.

संध्या: वायूच्या गोळ्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं? परवा चण्याची उसळ खाल्लीत तेव्हा घरातच होता की.

शार्दूल: काकू, अ‍ॅक्चुअली आयडिया माझी. आमच्या ऑफिसात इंटरनेट आलंय ना, त्यावर वाचलं. अमेरिकेचं यान पुढच्या वर्षी शनीकडे सुटणार. जगातल्या कुणीही कार्डावर सही करून पाठवायची. ते सगळ्या सह्या एका तबकडीवर उतरवून यानात ठेवणार. एकदम फुकट. मी आज अमेरिकेला निघतोच आहे, तर म्हटलं तिकडे उतरलो की काकांचं कार्ड पोस्टात टाकून देतो. काका काय खूश झाले!

संध्या: होणारच. रिटायर होऊन आठ महिने झाले, कुणी सही मागितली नव्हती.

पद्माकर: बोल, बोलून घे. तेहेतीस वर्षं घड्याळांच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होतो. लाखो घड्याळं या डोळ्यांखालून गेली. एकावर तरी माझं नाव आहे का?

संध्या: प्रत्येकावर बी. पद्माकर राव लिहिलं असतं तर काटे कुठे बसवले असते?

पद्माकर: तुला चेष्टा सुचते. एवढं अफाट विश्व, त्यात आपण कोण? कोण कुठला पद्माकर? शंभर वर्षांनी या बेंगळुरात कुणी विचारणार आहे?

संध्या: शंभर कशाला, आत्ताच कोपऱ्यावरचा भाजीवाला तुम्हाला ‘पिशवीवाले सार’ म्हणतो.

पद्माकर: तेच म्हणतोय मी! निदान एका जागी तरी नाव राहील.

संध्या: सरी, बरं. राहू दे. शार्दूल, ही चटणीपूड बॅगेत कपड्यांच्या मधे ठेव, फुटली तर अमेरिकेत तीन महिने कढीपत्त्याचा वास मारशील. आणि ते कार्ड बघू तरी. हे शिवाजीनगरापर्यंत बस बदलून गेले होते, जाड कागदाचं हवं म्हणून. माझ्यासाठी साधा पोळपाट आणायला दोन वर्षं लावली.

शार्दूल: हे घ्या. काकू, शाई नीट वाळलीये का बघा.

संध्या: अय्यो! ही सही आहे का दुकानाची पाटी? ‘बी. पद्माकर राव, निवृत्त सीनियर इन्स्पेक्टर.’ अर्धं कार्ड संपलं. खाली हर्ष. हर्ष हुबळीला आहे ना? तो कधी सही करून गेला?

पद्माकर: मीच केली.

संध्या: ही सूनबाईची? स्मृतीची?

पद्माकर: तीही.

संध्या: आणि ही कोपऱ्यात, अंग चोरून बसलेली? ‘सौ. संध्या पद्माकर राव.’

पद्माकर: तू स्वयंपाकात होतीस.

संध्या: मी एकतीस वर्षं स्वयंपाकात आहे. हाक मारली असती तर बाहेर आले असते. वा रे वा! एवढं अफाट विश्व, आणि त्यात सह्या करणारा माणूस एकच.

पद्माकर: अगं, रेशन कार्ड, गॅसचा फॉर्म, हर्षचं प्रगतिपुस्तक, सगळीकडे तुझ्या वतीनं मीच करत आलोय. आजवर कधी काही बोललीस?

संध्या: तिथे नव्हतं बोलायचं. इथे आहे.

शार्दूल: काकू, टेन्शन नका घेऊ. ही सही खोडा आणि शेजारी तुमची करा. सिम्पल.

संध्या: खोडू कशाला? ती माझी नाहीच.

शार्दूल: म्हणजे? संध्या काकू तुम्हीच ना?

संध्या: माझं नाव तुंगा.

शार्दूल: काय? सहा महिने तुमच्या गच्चीवरच्या खोलीत राहतोय मी, आज ऐकतोय!

संध्या: तुला कोण सांगणार? शिमोग्याला आमच्या घरामागून तुंगा वाहते. तिचं नाव अप्पांनी मला ठेवलं. लग्नात यांच्या आईंनी सांगितलं, नदीच्या नावाची सून नको, घरातली लक्ष्मी वाहून जाते. म्हणून ताटात तांदूळ पसरले आणि यांनी त्यात अंगठीनं ‘संध्या’ असं लिहिलं. मला वाचतासुद्धा आलं नाही, माझ्या बाजूनं उलटं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. करायला मलाच बसवलं होतं.

पद्माकर: चाल होती ती. घरोघर बदलायचे.

संध्या: हो की. आणि लक्ष्मीनं काय मुक्काम ठोकला, तो दिसतोच आहे. पण खरी गंमत पुढेच आहे, शार्दूल. एवढं हौसेनं ठेवलेलं नवं नाव, ते यांनी एकतीस वर्षांत एकदासुद्धा उच्चारलं नाही. ‘अगं’, ‘ऐकलंस का’, नाहीतर ‘हर्षची आई’. जुनं नाव काढून घेतलं आणि नव्याची घडीही मोडली नाही.

पद्माकर: बायकोला नावानं हाक मारायची रीत नव्हती आमच्यात. अण्णा समोर बसलेले असायचे.

संध्या: अण्णांना जाऊन अठरा वर्षं झाली. अजून त्यांना लाजता?

शार्दूल: मग काकू, तुंगा म्हणून तुम्हाला हाक कोण मारायचं?

संध्या: भीमसेन. माझा धाकटा भाऊ. वर्षातून दोनदा यायचा आणि फाटकापासून ओरडायचा, ‘तुंगक्का!’ गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. मी आतून ‘ओ’ म्हणायची. एवढा मोठा ‘ओ’ मी या घरात दुसऱ्या कुणाला दिला नाही. वैशाखात गेला तो. अवघं एकावन्नावं वर्ष. त्यानंतर मला त्या नावानं ओळखणारं कुणी उरलं नाही.

पद्माकर: मला कधी बोलली नाहीस हे.

संध्या: तुम्ही तेराव्याहून आलात आणि म्हणालात, बुंदीचे लाडू बरे झाले होते. मग मी काय बोलणार? मीही म्हटलं, हो, बरे झाले होते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं. लाडवांचं नाही.

शार्दूल: काकू, टू बी फ्रँक, एक सांगू का? तिथे कुणी वाचणार नाहीये. लाखो सह्या असतील. शनी इतका लांब आहे की उजेडालाच तिथून यायला तासाहून जास्त लागतो. यानाला तर सात वर्षं. तिथून बघितलं तर बेंगळूर सोडा, आपली अख्खी पृथ्वी शोधावी लागेल. नाव संध्या असो नाहीतर तुंगा, विश्वाला काय फरक पडतो?

संध्या: विश्वाला घेऊन काय करायचंय मला? मला पडतो.

शार्दूल: पण वाचणारच कुणी नाही, तर…

संध्या: तेच तर! बँकेत संध्या, मतदार यादीत संध्या, डॉक्टरच्या चिठ्ठीवर संध्या. उद्या स्मशानातल्या पावतीवरही संध्याच लिहितील, आणि तिथेही सही हेच करतील. जिथे जिथे माणसं आहेत तिथे ती बाई माझ्याआधी जाऊन बसलीय. जिथे कुणीच नाही, तिथे तरी मला जाऊ द्या की! तिथे कुणाची लक्ष्मी वाहून जाणार आहे?

पद्माकर: पण आता करायचं काय? कार्ड एकच आणलं होतं. टॅक्सी साडेदहाला येणार, आणि ते दुकान उघडतंच साडेदहाला.

संध्या: वा! आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळं तपासलीत.

पद्माकर: हे बघ. माझ्या सहीखालचं ‘निवृत्त सीनियर इन्स्पेक्टर’ मी ब्लेडनं खरवडून काढतो. कागद जाड आहे, फाटणार नाही. तिथे तू कर. हवी तेवढी मोठी कर.

संध्या: खरंच खरवडाल?

पद्माकर: खरवडतो म्हणजे खरवडतो. शनीवर काय, कुणाला पेन्शन द्यायची आहे?

संध्या: नको. राहू दे. तेहेतीस वर्षांची नोकरी आहे ती, अशी ब्लेडनं नाही काढायची. स्वल्प थांबा दोघं.

(ती आत जाते. कपाट उघडतं, एक डबा खाली काढल्याचा आवाज येतो. पद्माकर चष्मा पुसतो, जो स्वच्छच असतो. ती एक पोस्टकार्ड घेऊन परत येते.)

शार्दूल: हे काय? साधं पोस्टकार्ड?

संध्या: जोडकार्ड. तुमच्या पिढीला ठाऊक नसणार. दोन कार्डं जोडून येतात. एकावर आपण लिहायचं, दुसरं कोरं, समोरच्यानं उत्तर लिहून फाडून पाठवायचं. भीमसेननं वैशाख लागायच्या आधी धाडलं होतं. वाच मोठ्यानं. अक्षर कोंबडीचे पाय आहेत, पण मराठी आहे, लागेल.

शार्दूल: ‘तुंगक्का, तू उत्तराला पहिल्यापासून आळशी. म्हणून यंदा कोरं कार्डही मीच पाठवतो, पत्ताही मीच घातला आहे. मजकूर लिहायचा कंटाळा असेल तर नुसती सही कर आणि टाक. सही बघितली की समजेन, ठीक आहेस.’

संध्या: मी म्हटलं, लोणच्याचं आटपलं की लिहू. कैऱ्या आणून पडल्या होत्या. बारा दिवसांनी तार आली.

पद्माकर: हे कार्ड तू इतके दिवस ठेवलंस?

संध्या: टाकू कुणाला? पण आता चाललंय ना टपाल लांबचं. हे कोरं फाडून घेते, पेन द्या.

शार्दूल: काकू, पण मागच्या बाजूला शिमोग्याचा पत्ता आहे.

संध्या: असू दे. तू पाकिटात घालून ने. तिथल्या माणसांना सही तेवढी पाहिजे, आणि भीमसेनलाही तेवढीच पाहिजे होती. दोघांचंही काम होईल.

पद्माकर: मराठीत करतेस?

संध्या: शाळा कन्नड होती माझी. सही कन्नडातच शिकले. बघा, एकतीस वर्षं लिहिलं नाही, पण हाताला वळण आठवतंय. तुंगा. झालं. केवढीशी आहे, नाही?

शार्दूल: मस्त आहे, काकू. मग आता काकांच्या कार्डावरच्या संध्याचं काय करायचं? एका माणसाला एकच सही अलाउड आहे.

संध्या: जाऊ दे तिलाही. गरीब आहे बिचारी, एकतीस वर्षं भांडी घासलीत तिनं. कुठे हलली नाही. तेवढीच सहल होईल. आणि सही यांनी केलीय, म्हणजे हिशेबानं ती यांचीच.

शार्दूल: हॉर्न वाजला, काकू. टॅक्सी आली. चला, निघतो. दोन्ही कार्डं हातातल्या बॅगेत ठेवतो. नमस्कार करतो, काका.

पद्माकर: सुखरूप जा. कार्ड टाकायला विसरू नकोस.

संध्या: आणि चटणीपूड सगळी एकट्यानं संपवू नकोस. पोचलास की आईला आधी फोन कर, मग शनीचं बघ.

शार्दूल: हो काकू. संध्या काकू म्हणू का तुंगा काकू?

संध्या: तू काकू म्हण. पळ.

पद्माकर: गेला. घर एकदम रिकामं वाटतं.

संध्या: हं.

पद्माकर: दोन हजार चार साली पोचणार म्हणे. आपण असू का तोवर?

संध्या: तुम्ही असाल. तक्रारी बऱ्याच बाकी आहेत तुमच्या.

पद्माकर: लाडवांचं… मला तेव्हा काय बोलावं कळलं नाही. माणूस गेला की मला बोलताच येत नाही काही. मग समोर जे दिसेल ते बोलतो.

संध्या: समजलं ते. उशिरा समजलं, पण समजलं.

पद्माकर: ऐकलंस का? अगं… थांब. थांब जरा. तुंगा!

तुंगा: ओ!

पद्माकर: केवढ्यानं ओरडलीस! कुत्री उठली बघ बाहेर.

तुंगा: सवय होती त्यांना. बोला, काय म्हणता?

पद्माकर: काही नाही. म्हटलं, स्वल्प कॉफी मिळेल का?

तुंगा: कॉफी संध्या करायची. तुंगेला शिकवली नव्हती कुणी. डिकॉक्शन उतरलेलं आहे, दूध तापवा आणि तुम्हीच करा. माझ्या कपात साखर दोन चमचे घाला. डॉक्टरनं संध्येची बंद केलीय, माझी नाही.