पदर कधी सुटतो

अणुवीज केंद्राच्या कामावरचा फिटर भगवंत दुखरा दात घेऊन बोईसरच्या दवाखान्यात बसला होता. समोर बालवाडीच्या बाई मुरबे गावच्या जमुनाला समजावत होत्या. जमुनाचं दीड वर्षाचं पोर तिच्या पदराला लोंबकळत होतं.

“मानसशास्त्र सांगतं, या वयात मूल लांब पळतं, आई दिसतेय ना ते बघतं, परत येऊन चिकटतं. तीन वर्षांचं होईपर्यंत सुटं होतं.”

“तीन वर्सांत?”

“हो. आई एकदा मनात बसली की पदर लागत नाही.”

“मंग आमच्या नवऱ्याचं कसं वो? वादळात होडी घालतो, भीत नाय. किनाऱ्याला लागला का वरडतो, ‘आये, माजी टोपी कुटं हाय?’”

“वय काय त्यांचं?”

“चाळीस. सासू मनात बसली हाय, पण तितनं उठंल तवा ना!”

“एवढ्या मोठ्या मुलांचं पुस्तकात काही नाही हो.”

दुखरा गाल दाबून भगवंत खिदळला. तेवढ्यात कंपाउंडरने हाक मारली, “भगवंत कोण?”

“आम्हीच!” शेजारी बसलेली त्याची आई आधी उठली. “चल बाळा. मी हात धरते, तू डोळे मीट.”

जमुनाच्या पोराने पदर सोडला आणि ते बघायला त्यांच्या मागे धावलं.